फाशीकडे पाठ

१३ नोव्हेंबर १८४९, सकाळचे पावणेनऊ. लंडनमध्ये हॉर्समाँगर लेन तुरुंगासमोर तुम्ही ड्यूटीवर उभे आहात. अंगात निळा कोट, कॉलरवर नंबर, डोक्यावर उंच टोपी. मेट्रोपोलिटन पोलीस दल जेमतेम २० वर्षांचं आहे आणि तुम्ही त्यातले एक शिपाई. पैशासाठी मित्राचा खून करून त्याला स्वयंपाकघरातल्या फरशीखाली पुरणारं मॅनिंग जोडपं आता तुरुंगाच्या छतावर फासावर जाणार आहे.

लोक रात्रीपासून जागा धरून आहेत. 'ओ सुझॅना'च्या चालीवर मिसेस मॅनिंगचं गाणं रंगलंय. समोरच्या खिडक्या नि गच्च्या भाड्याने गेल्यात. एका गच्चीवर चार्ल्स डिकन्सही आहे. रस्त्यात लाकडी अडसर ठोकलेत, कारण १८०७ साली न्यूगेट तुरुंगासमोर अशाच फाशीला चेंगराचेंगरी होऊन तीसेक माणसं मेली होती.

तुम्ही मात्र फाशीकडे पाठ करून गर्दीकडे बघायचं. त्यातही चेहरे सोडून हात बघायचे.

नऊ वाजतात. काळ्या सॅटिनमधली मारिया मॅनिंग वर दिसते. सगळ्या माना एकदम उंचावतात आणि खिशांवरचं लक्ष उडतं. खिसेकापू रात्रभर याच क्षणासाठी थांबलेत. एक पोरगा एका जाडजूड गृहस्थाच्या अंगावर जातो, "मागून रेटतायत हो!" तेवढ्यात दुसऱ्याची दोन बोटं त्या गृहस्थाच्या कोटाच्या मागच्या खिशात. रेशमी रुमाल बाहेर येतो आणि तिसऱ्याच्या टोपीत गडप होतो. तुम्ही घुसून पहिल्याचं मनगट धरता. झडती घेता, तर त्याच्याजवळ काहीच नाही. गृहस्थांना विचारावं, तर ते खेकसतात, "बाजूला व्हा, दिसत नाही!"

शिलिंगभराहून जास्तीचा माल असा लांबवला, तर १८०८ पर्यंत फाशीच होती. तेव्हाही खिसे कापले जायचे ते फाशी बघायला जमलेल्यांचेच.

डिकन्स आजच 'टाइम्स'ला पत्र लिहील: फाशी तुरुंगाच्या भिंतीआड द्या. कायदा व्हायला १८६८ उजाडेल. तोवर गुन्हेगारांना धाक बसावा म्हणून सरकार स्वतःच गर्दी जमवत राहील आणि तिच्यातले चोर धरायला तुम्हाला पाठवत राहील.