झरियाची खचती भूमी आणि आकाशातील दप्तर

#धागा

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, बखरी आणि पेशवे दप्तरातील मोडी रुमाल डोळ्यांसमोर येतात. आजचा धागा अवघ्या तीस-पस्तीस वर्षे वयाच्या एका साधनाविषयी आहे: उपग्रहांनी टिपलेल्या रडार-नोंदी. खाणींमुळे जमीन कुठे, केव्हा आणि किती खचली, हे त्यांतून मागाहूनही वाचता येते.

आधी झरिया पाहू. धनबादजवळचे हे सुमारे ४५० चौरस किलोमीटरचे कोळसाक्षेत्र. १८९०च्या दशकात तेथे रेल्वे पोहोचली आणि खासगी मालकांच्या लहानमोठ्या खाणी भराभर उघडल्या. कोळसा काढत पुढे जायचे आणि छत पेलण्यासाठी कोळशाचेच खांब मागे ठेवायचे, ही तेथील रीत. पुढे लोभाने हे खांबही पोखरले गेले. रिकाम्या पोकळीत वाळू भरली तर वरची जमीन तरते. पण वाळू भरण्यात खर्च होता आणि नफा नव्हता. १९१६मध्ये भौरा खाणीत आगीची पहिली नोंद झाली. वाळूभरणीसाठी स्वतंत्र कायदा यायला १९३९ साल उजाडले. १९७२मध्ये कोकिंग कोळशाच्या खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा सरकारच्या हाती खाणी आल्या. जुन्या पोकळ्यांचे विश्वसनीय नकाशे मात्र सर्वच ठिकाणी आले नाहीत.

जमिनीचे खचणे पूर्वी मोजत नसत असे नाही. खुणेचे दगड रोवून लेव्हलिंग यंत्राने त्यांची उंची पुनःपुन्हा तपासत. परंतु खूण असेल तिथलेच मोजमाप मिळे, आणि खाण बंद झाल्यावर तिच्यावरील वस्तीत यंत्र घेऊन कोण जाणार?

१९९१मध्ये युरोपचा ‘ईआरएस-१’ उपग्रह अवकाशात गेला. तो सुमारे ७८० किलोमीटर उंचीवरून ५.६ सेंटिमीटर लांबीच्या रडारलहरी सोडी आणि परतणारा प्रतिध्वनी नोंदवी. रात्र असो वा ढग, त्याला अडचण नव्हती. परतणारी लहर आपल्या आंदोलनाच्या कोणत्या टप्प्यावर आहे, याला शास्त्रात ‘कला’ म्हणतात. त्याच जागेच्या दोन वेळच्या नोंदींतील कला ताडून पाहिल्या, की जमीन उपग्रहापासून किती दूर सरकली ते कळते. चित्रातील रंगांचे एक पूर्ण आवर्तन म्हणजे २.८ सेंटिमीटर, लहरीच्या लांबीच्या निम्मे; कारण लहर जाते आणि परत येते. या पद्धतीचे नाव रडार व्यतिकरणमिती.

तिला कीर्ती मिळाली ती भूकंपामुळे. जून १९९२मधील कॅलिफोर्नियाच्या लँडर्स भूकंपाने जमीन कशी सरकली, याचे चित्र दिदिए मासोने आणि सहकाऱ्यांनी १९९३मध्ये प्रसिद्ध केले. खाणींची पाळी लगेच आली: दक्षिण फ्रान्समधील गार्दान येथील कोळसाखाणीवरची खचण याच रीतीने मोजून कार्नेक, मासोने आणि किंग यांनी १९९६मध्ये मांडली.

माझ्या मते इतिहासाच्या विद्यार्थ्याला खरे कुतूहल वाटावे ते पुढच्या टप्प्याचे. मिलानच्या संशोधकांनी या शतकाच्या आरंभी इमारती, खडक अशा स्थिर परावर्तकांचे बिंदू निवडून साठवलेल्या जुन्या नोंदी क्रमाने वाचण्याची पद्धत रूढ केली. म्हणजे १९९२पासूनचे दप्तर पुन्हा उघडले गेले! देवस्थानाच्या जमाखर्चातून दुष्काळाचा इतिहास काढावा, तसाच हा प्रकार.

झरियात हे वाचन सोपे नाही. झाडोरा वाढतो, उघड्या खाणींमुळे पृष्ठभागच बदलतो आणि लहान लहरींचा धागा तुटतो. म्हणून तेथे जपानच्या ‘अ‍ॅलोस’ उपग्रहाची सुमारे २३ सेंटिमीटरची लांब लहर अधिक उपयोगी पडली. शिवाय कोळसा खणून नेला काय नि जळून गेला काय, खाली पोकळीच उरते. जमीन खचल्याचे रडार सांगते. कारण शोधायला उष्णतेची चित्रे आणि जुने खाणनकाशे लागतात.

हा वाद निव्वळ विद्वानांचा नाही. झरियाच्या पुनर्वसनाचा आराखडा २००९मध्ये मंजूर झाला, त्याची सुधारित आवृत्ती जून २०२५मध्ये. कोणते घर धोक्याच्या रेषेत धरायचे, यावर एखाद्या कुटुंबाचे ठिकाण आणि रोजगार दोन्ही ठरतात. अशा वेळी ज्या नोंदी खाणकंपनीने केल्या नाहीत आणि रहिवाशांनीही नाहीत, त्यांचे मोल मोठे.

त्यांची मर्यादाही आपल्याच महाराष्ट्रात दिसते. ऑगस्ट २०२२मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुस येथे जुन्या भूमिगत खाणीवरील एक घर पाहता पाहता जमिनीत गेले. माणसे वेळीच बाहेर पडल्याने वाचली. हळूहळू बसणारी जमीन रडारला दिसते. जुना खांब ढासळून क्षणात पडणारा खड्डा मात्र आगाऊ खूण ठेवीलच असे नाही. तेथे आधार एकच: खाली पोकळी कुठवर गेली आहे, हे दाखवणारा कागद.

३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून ‘निसार’ हा भारत-अमेरिकेचा उपग्रह गेला. लांब लहरीचे रडार घेऊन तो दर १२ दिवसांनी त्याच मार्गावर परततो, त्यामुळे वर्धा खोऱ्यातील खाणपट्ट्याचे दप्तर यापुढे भरत राहील. १९९२पूर्वीचे रकाने मात्र उपग्रहाला भरता येणार नाहीत. विदर्भातील कोळशावर कुणी प्रबंधिका लिहिणार असेल, तर आरंभ बंद पडलेल्या खाणींच्या नकाशांपासून करावा आणि प्रत्येकावर शेवटच्या मोजणीची तारीख कोणती, खाण बंद कधी झाली, हे आधी टिपून घ्यावे. त्या दोन तारखांमधल्या काळात किती कोळसा निघाला, ते त्या नकाशावर नसते.