हड्डी हमारी, चमडी आपकी

नांदेड-लातूरकडच्या मोहल्ल्यांत मुलाला पहिल्यांदा मकतबात नेताना बाप मौलवीसाहेबांना हमखास म्हणायचा, "हड्डी हमारी, चमडी आपकी." माझ्या अब्बांनीही म्हटले होते. मी त्यांचा हात धरून उभा होतो. या वाटणीत माझ्या वाट्याला काय आले ते मला समजले नाही. हे वाक्य आपण हसत सांगतो. पण तो एक करार आहे. बाप आपला हक्क दुसऱ्याच्या हाती देतो. तो कुठवर देता येतो, हा वाद फार जुना आहे.

नवव्या शतकात कैरवानचे फकीह इब्न सहनून यांनी उस्तादांच्या आचारावर किताब लिहिली. तीन फटक्यांपुढे जायचे तर बापाची इजाजत हवी, असे त्यांनी सांगितले. दहाव्या वर्षी नमाजसाठी मारण्याची हदीस छडीच्या समर्थनार्थ नेहमी पुढे केली जाते. आपण बहुतेक हनफी. त्या मजहबच्या किताबांत याच हदीसखाली मार हाताने, लाकडाने नव्हे, असे स्पष्ट लिहिले आहे. एकोणिसाव्या शतकात दमास्कसच्या इब्न आबिदीन यांनी उस्तादालाही तीनचीच हद्द घातली. आणि हजरत अनस यांनी दहा वर्षे रसूलुल्लाहची खिदमत केली, त्यांना कधी 'उफ्' सुद्धा ऐकावे लागले नाही. मग अख्खी चमडी देऊन टाकण्याची रीत आली कुठून?

इंग्रजांचा कायदा याच वाटेने गेला. १८६० साली ईस्टबोर्नच्या हॉप्ली नावाच्या मास्तराने पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्याला मारून ठार केले. त्याने आधी पत्र लिहून मुलाच्या बापाची परवानगी घेतली होती! मार माफकच हवा, असे कोर्टाने बजावले आणि त्याला चार वर्षांची सजा झाली. त्याच वर्षी भारतीय दंड संहिता मंजूर झाली. तिच्या ८९ व्या कलमाने बारा वर्षांखालच्या मुलाच्या हितासाठी, पालकाच्या संमतीने, सद्भावनेने केलेल्या कृत्याला संरक्षण दिले.

आपला मुलूख तेव्हा निजामाचा. प्राथमिक शाळेला तहतानिया, हायस्कूलला फौकानिया म्हणत; सरकारी शाळा म्हणजेच मदरसा, मग मूल कोणाचेही असो. भारतीय दंड संहिता इकडे लागू झाली ती १ एप्रिल १९५१ पासून. त्याआधीच घाटगे खटल्यात (१९४९ च्या अहवालात तो छापला आहे) मुंबई हायकोर्टाने म्हटले होते की, मुलाला शाळेत पाठवले म्हणजे शिस्तीसाठी संमती दिली असेच समजावे. म्हणजे बापाने 'चमडी आपकी' म्हणायचीही गरज उरली नाही. नांदेडच्या हायस्कुलातला अंगठे धरून उभा असलेला पोरगा या गृहीत संमतीवर उभा होता.

ती मोडायला पन्नास वर्षे लागली. १ डिसेंबर २००० रोजी दिल्ली हायकोर्टाने तिथल्या शाळांचा छडीचा नियम रद्द केला. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने १ एप्रिल २०१० पासून शाळेत मारण्यावरच बंदी आली. बापाची इजाजत असो वा नसो.

पण २०१२ च्या दुरुस्तीने मदरसे आणि वैदिक पाठशाळा या कायद्याबाहेर गेल्या. अभ्यासक्रमात सरकारी ढवळाढवळ नको, ही आपली भीती खोटी नव्हती. त्याबरोबर सतरावे कलमही दाराबाहेर राहिले, याची चर्चा मात्र आपण केली नाही. २०१४ च्या प्रमती निकालाने अल्पसंख्याकांच्या शाळाही सुटल्या. तो निकाल सुप्रीम कोर्टाच्याच दोन न्यायमूर्तींनी २०२५ मध्ये फेरविचारासाठी वर पाठवला आहे.

२०१५ च्या बाल न्याय कायद्याचे ७५ वे कलम मदरशाला वगळत नाही. मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने अनावश्यक त्रास होईल असा मार दिला तर तीन वर्षांपर्यंत कैद, आणि मुले सांभाळणाऱ्या संस्थेतला माणूस असेल तर पाच. पण 'अनावश्यक' हा शब्द तिथे आहेच. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने ८९ वे कलम २७ वे होऊन बसले आहे. पालकाची संमती अजून बचावात मांडता येते.

म्हणून नातवाला मकतबात सोडायला गेलो तेव्हा ते वाक्य मी म्हटले नाही.