शेतकरी कामगार पक्ष

(शेकाप). महाराष्ट्रातील डाव्या विचारांचा शेतकरी पक्ष. खेड्यापाड्यांत ‘लाल बावटा’ म्हणून परिचित. काँग्रेस शेठजींच्या हाती गेली, अशी भावना झालेल्या केशवराव जेधे, शंकरराव मोरे, तुळशीदास जाधव प्रभृतींनी ऑगस्ट १९४७ मध्ये पक्षांतर्गत गट बांधला आणि १९४८ मध्ये काँग्रेस सोडली. दाभाडी (ता. मालेगाव) येथे १९५० मध्ये पक्षाने मार्क्सवाद-लेनिनवाद स्वीकारला. सत्यशोधक-ब्राह्मणेतर चळवळीत घडलेल्या कार्यकर्त्यांना ही झूल पेलणे अवघडच होते. फूट पडली, पुढे जेधे, मोरे स्वगृही परतले.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याने पक्षाला उभारी दिली. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीतर्फे लढून त्याचे सुमारे तीस आमदार निवडून आले. राज्यस्थापनेनंतर यशवंतराव चव्हाणांच्या बेरजेच्या राजकारणात मात्र त्याचे अनेक पुढारी काँग्रेसवासी झाले. उरले ते बालेकिल्ले: कुलाबा (रायगड), सांगोला, कंधार. कुलाब्यात जमीन आधीच नांगरलेली होती. अलिबागजवळच्या चरी परिसरातील कुळांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे खोतांच्या जमिनी पडीक ठेवल्या. त्याच जिल्ह्यात १९८४ मध्ये पक्षाचे नेते दि. बा. पाटलांनी नवी मुंबईसाठी गेलेल्या जमिनींचा लढा दिला. गोळीबारात पाच शेतकरी ठार झाले आणि संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व पुढे आले. सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा आमदार झाले, तरी एस.टी.ने फिरत.

या बालेकिल्ल्यांबाहेर, वऱ्हाडातील बुलढाणा जिल्ह्यात मात्र पक्ष रुजला नाही. त्याच्या स्थापनेच्या वेळी हा जिल्हा मध्य प्रांत-वऱ्हाडात होता आणि १९५६ पर्यंत त्याचा कारभार नागपूरहून चाले. जेधे-मोऱ्यांचे जाळे पुणे, सातारा, सोलापूर, कुलाब्याकडचे. जिल्ह्यातील खामगाव-मलकापूरच्या कापूस उत्पादकाशी पक्षाचा दुवा आला तो सरकारातून: १९७८ च्या पुरोगामी लोकशाही दलाच्या (पुलोद) मंत्रिमंडळात पक्षाचे एन. डी. पाटील सहकारमंत्री होते आणि एकाधिकार कापूस खरेदी सहकारी पणन महासंघामार्फत चाले. पुढे वऱ्हाडातला कापूसवाला शरद जोशींच्या शेतकरी संघटनेमागे गेला. तिचा भर खुल्या बाजारावर, म्हणजे शेकापच्या नेमका उलट. सोयाबीन-कापसाच्या भावासाठी लढणारे रविकांत तुपकर २०२४ ची लोकसभा बुलढाण्यातून अपक्ष लढले व सुमारे अडीच लाख मते घेऊन तिसरे आले. त्याच वर्षी विधानसभेत शेकापला एकच जागा मिळाली, सांगोल्याची. तेथून गणपतरावांचे नातू बाबासाहेब देशमुख निवडून आले.