दुभंगलेला ओठ आणि वाचा : खानदेशातील उपचारांची वाटचाल

गर्भाचा वरचा ओठ चौथ्या ते सातव्या आठवड्यात सांधला जातो, टाळू त्यानंतर. हा सांधा अपुरा राहिला की ओठ किंवा टाळू दुभंगते. महाराष्ट्रात इतरत्र होते तसेच खानदेशातही याचे खापर ग्रहणावर फोडले जाई. गरोदर बाईने ग्रहणात भाजी चिरली, विळीला हात लावला की मूल फाटक्या ओठाचे निपजते, हा समज. त्यामुळे व्यंग मुलाचे आणि दोष आईचा, असा हिशेब घराघरांत मांडला गेला.

१९५८ मध्ये नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी प्लॅस्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग उभारला. दुभंगांचे ‘नागपूर वर्गीकरण’ही त्यांचेच. उपचारासाठी खानदेशातल्या जळगाव-भुसावळहून मुंबई आणि नागपूर दोन्ही थेट रेल्वेने जोडलेली. पण एका मुलासाठी अनेक फेऱ्या करायच्या, म्हणजे दर वेळी मजुरी बुडवायची. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय धुळ्याला १९८० च्या दशकाच्या अखेरीस आले, जळगावला २०१८ मध्ये.

ओठ शिवला की चेहरा सुधारतो. बोलणे आपोआप सुधारत नाही. ‘पाणी’तल्या ‘प’साठी तोंडात हवा कोंडावी लागते. टाळू नीट मिटत नसेल तर ती नाकातून निसटते आणि ‘प’ ‘म’कडे झुकतो. अशा मुलाला ‘गेंगाणा’ हे नाव चिकटते. मध्यकर्णात पाणी साचून ऐकूही कमी येते. वाचा-उपचार मात्र शस्त्रक्रियेच्या मागूनच आले. श्रवणदोषांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्थाही मुंबईत १९८३ मध्येच स्थापन झाली.

या दिरंगाईची किंमत किशोरवयात मोजावी लागते. वर्गात मोठ्याने वाचायची पाळी आली की मूल गप्प बसते, आणि ते गप्प बसणे मंदबुद्धीचे लक्षण मानले जाते. याच वयात वरचा जबडा खालच्याच्या मानाने मागे राहिल्याचे दिसू लागते. मुलीच्या बाबतीत त्यात लग्नाची काळजी मिसळते.

६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंगलेला ओठ व टाळू यांचा समावेश झाला. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी ठरली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने वाचा व भाषा दोषाला स्वतंत्र दिव्यांगत्व मानले. १९९५ च्या कायद्यात ते नव्हते. बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची मर्यादा अठरा वर्षांची आहे, तर जबड्याची शस्त्रक्रिया वाढ पूर्ण झाल्यावर, बहुधा त्याच सुमारास करावी लागते.