डॉस प्रणालीतील अघोषित माहितीचे संकलन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

संगणकाच्या इतिहासलेखनात उत्पादकांच्या अधिकृत पुस्तिका प्रमाण मानल्या जातात. वस्तुतः वापरकर्त्यांनी जमविलेल्या नोंदी हेही तितकेच मोलाचे साधन होय. मायक्रोसॉफ्टची ‘एमएस-डॉस’ (१९८१) ही प्रणाली याचे बोलके उदाहरण आहे.

एक काम अर्धवट असताना डॉस दुसरे स्वीकारू शकत नसे. त्यामुळे मेमरीत राहून मध्येच कार्यरत होणाऱ्या प्रोग्रॅमला, डॉस व्यस्त आहे काय, हे जाणणे अत्यावश्यक होते. ती खूण दर्शविणारी सेवा प्रणालीत होती. परंतु सुरुवातीच्या पुस्तिकांत तिचे स्पष्टीकरण नव्हते. प्रोग्रॅमरांनी यंत्रसंकेत उलगडून अशा सेवा शोधल्या व परस्परांना कळविल्या. अँड्र्यू शुलमन व सहलेखकांचे ‘अनडॉक्युमेंटेड डॉस’ १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. राल्फ ब्राउन यांनी विखुरलेली माहिती ‘इंटरप्ट लिस्ट’मध्ये एकत्रित केली, तिची ६१ वी आवृत्ती २००० मध्ये निघाली.

डॉसच्या काही आरंभीच्या आवृत्त्यांची मूळ संहिता २०१४ मध्ये अभ्यासकांसाठी खुली झाली. तथापि, संहितेवरून सेवेची रचना कळते. ती कोणाला, कशासाठी लागली, हे या नोंदींवरूनच उमगते. म्हणून जुन्या यंत्रांबरोबर अशा नोंदींचेही जतन होणे अगत्याचे आहे.