‘लांबवलं’ की ‘लांबलं’?

एका स्पॅनिश लेखाचं भाषांतर करताना मी चार शब्दांपाशी दोन दिवस अडून बसले होते. लेख होता चिलीतल्या कोलो-कोलो या फुटबॉल क्लबच्या १९७३च्या हंगामावर. त्या संघाला चिलीत एक बिरुद आहे, आणि लुईस उर्रुतिया ओ’नेल या क्रीडा पत्रकाराने या विषयावरच्या आपल्या पुस्तकाच्या नावातही ते घातलं आहे. ‘गोल्पे लांबवणारा संघ’ असा त्याचा ढोबळ अर्थ. गोल्पे म्हणजे मुळात फटका, तडाखा. पण नुसतं ‘गोल्पे’ म्हटलं की चिलीतला माणूस एकच तारीख समजतो, ११ सप्टेंबर १९७३. त्या दिवशी लष्कराने राष्ट्राध्यक्षांच्या ला मोनेदा प्रासादावर विमानांतून बाँब टाकले. साल्वादोर आयेंदे यांचा मृत्यू त्याच प्रासादात झाला आणि पुढची साडेसोळा वर्षं देश जनरल पिनोशेच्या हाती गेला.

‘गोल्पे’ला मराठीत काय म्हणायचं, हा पहिला पेच. हिंदीत ‘तख्तापलट’ हा नेमका शब्द आहे. बंगाली वृत्तपत्रं ‘अभ्युत्थान’ म्हणतात, पण मराठी कानाला त्यात उन्नती, भरभराट ऐकू येते. आपल्याकडे ‘उठाव’ म्हटलं की १८५७ आठवतं आणि सहानुभूती आपोआप उठणाऱ्यांच्या बाजूला जाते. ‘बंड’ही तसं पूर्ण बरोबर नाही, कारण बंड खालून वर होतं. पण निदान ‘लष्करी बंड’ वाचकाला ओळखीचं आहे, म्हणून मी ते ठेवलं.

दुसरा पेच क्रियापदाचा. ‘लांबवलं’ म्हटलं की कुणीतरी ते लांबवलं, तो कर्ता कोण ते सांगणं आलं. ‘लांबलं’ म्हटलं की ते आपलं लांबलं, जसा पाऊस लांबतो. शिवाय मराठीत चोरही पाकीट ‘लांबवतो’, ही आणखी अडचण. अकरा फुटबॉलपटूंनी खरोखर लष्कराचे रणगाडे बराकीत थांबवून धरले होते का? हे ठरवल्याशिवाय मला पुढचं वाक्य लिहिता येईना. म्हणून तो हंगाम पहिल्यापासून पाहायला घेतला.

क्लबच्या नावापासून सुरुवात करावी लागते. कोलो-कोलो हे मापुचे लोकांच्या एका वयोवृद्ध सरदाराचं नाव. स्पॅनिश आक्रमकांविरुद्ध मापुचे लढले. त्या युद्धात उतरलेल्या आलोन्सो दे एर्सिया या स्पॅनिश कवीनेच ‘ला आराउकाना’ हे महाकाव्य लिहिलं. त्याचा पहिला भाग १५६९मध्ये आला. त्यात सेनापती कोणी व्हायचं यावरून सरदार एकमेकांवर तुटून पडतात, तेव्हा हा कोलोकोलो मध्ये पडतो आणि सांगतो, जड ओंडका खांद्यावर जो सर्वांत जास्त वेळ पेलेल तो सेनापती. १९२५मध्ये मागायानेस क्लबमधून बाहेर पडलेल्या तरुण खेळाडूंनी आपल्या नव्या क्लबला हे नाव दिलं. त्यांचा म्होरक्या दाविद आरेयानो. दोनच वर्षांनी स्पेनच्या दौऱ्यावर वायादोलिद इथे खेळताना पोटाला मार लागून तो गेला. क्लबच्या बोधचिन्हावर तेव्हापासून एक काळी पट्टी आहे, ती आजतागायत. बोधचिन्हावर मापुचे सरदाराचा चेहरा, पाठीराखे मुख्यतः कामकरी वस्त्यांतले. चिलीतला हा सर्वांत लोकप्रिय क्लब.

१९७२चं लीग विजेतेपद मिळवून कोलो-कोलो १९७३च्या कोपा लिबेर्तादोरेसमध्ये उतरला. ही दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांची सर्वांत मानाची स्पर्धा. प्रशिक्षक लुईस आलामोस, टोपणनाव ‘कोल्हा’. कर्णधार फ्रान्सिस्को वाल्देस, म्हणजे ‘चामाको’. चेंडू कुठे जायला हवा हे इतरांआधी ओळखणारा. डावीकडून लेओनार्दो वेलिस, गोलमध्ये आदोल्फो नेफ, आणि पुढे कार्लोस कासेली. बुटका, घट्ट बांध्याचा, मिशावाला. त्याला ‘एका चौरस मीटरचा राजा’ म्हणत. तेवढी जागा मिळाली तरी तो बचावपटूला चकवून गोल करत असे. कासेली आणि वेलिस उघड डाव्या विचारांचे होते. पण सगळा संघ तसा होता असं मुळीच नाही. ड्रेसिंग रूममध्येही देशासारखीच दोन टोकं होती.

देशाची अवस्था काय होती? ऑक्टोबर १९७२मध्ये ट्रकमालकांच्या संपाने सगळं ठप्प झालं होतं. चिली हा चिंचोळा, उभा देश. ट्रक थांबले की अन्न थांबतं. महागाई हाताबाहेर गेलेली, ब्रेड आणि तेलासाठी रांगा, काळाबाजार. विरोधकांना अमेरिकेतून गुप्तपणे पैसा येत होता, हे पुढे अमेरिकी सेनेटच्याच चौकशीत उघड झालं. मार्च १९७३मध्ये संसदेची निवडणूक झाली. आयेंदेंवर महाभियोग चालवायला विरोधकांना दोन तृतीयांश जागा हव्या होत्या. त्या मिळाल्या नाहीत, उलट आयेंदेंच्या आघाडीला ४३-४४ टक्के मतं पडली. आयेंदेंना कायदेशीर मार्गाने हटवण्याची वाट तिथे बंद झाली. लष्कराकडे डोळे लागायला लागले ते त्यानंतर.

नेमक्या याच महिन्यांत कोलो-कोलो जिंकत होता. उपान्त्य फेरीत तीन संघांचा गट होता. रिओच्या माराकाना मैदानावर त्यांनी बोताफोगोला २-१ने हरवलं. चिलीचा कोणताही क्लब त्याआधी माराकानावर जिंकला नव्हता. पुढे आसुन्सिओनमध्ये सेरो पोर्तेन्योकडून ५-१ असा सपाटून मार खाल्ला, आणि सान्तियागोत त्याच संघाला ४-० अशी परतफेड केली. बोताफोगोशी घरचा सामना ३-३ असा सुटला आणि चिलीचा एखादा क्लब पहिल्यांदाच अंतिम फेरीत पोचला.

क्लबचं स्वतःचं मैदान तेव्हा बांधून व्हायचं होतं. मोठे सामने सान्तियागोच्या राष्ट्रीय स्टेडियमवर, ‘एस्तादिओ नासिओनाल’वर होत. ब्रेडच्या रांगेत एकमेकांकडे न पाहणारी माणसं तिथे शेजारी शेजारी बसत. आयेंदेंनी संघाला ला मोनेदात बोलावून घेतलं, खेळाडूंबरोबर फोटो काढले. कोलो-कोलो जिंकतो आहे तोवर आयेंदेंच्या खुर्चीला धोका नाही, असं लोक अर्धं गमतीत, अर्धं गंभीरपणे म्हणू लागले. बिरुदाचं बीज बहुधा इथेच पडलं असावं.

अंतिम फेरीत समोर अर्जेंटिनाचा इन्देपेंदिएंते, म्हणजे १९७२ ते १९७५ अशी सलग चार वर्षं ही स्पर्धा जिंकणारा संघ. पहिला सामना २२ मेला, त्यांच्या आबेय्यानेदाच्या मैदानावर. इन्देपेंदिएंतेच्या सा याच्या स्वयंगोलमुळे कोलो-कोलो पुढे गेला. मग काही मिनिटांत बरोबरी झाली, आणि ती कशी झाली यावर चिलीत अजून वाद थांबलेला नाही. चेंडू नेफच्या हातात होता. मेन्दोसा त्याच्यावर आदळला आणि गोलरक्षक चेंडूसकट गोलमध्ये गेला. पंचांनी गोल दिला. १-१.

२९ मेला सान्तियागोत परतीचा सामना, स्टेडियम गच्च भरलेलं. कासेलीने चेंडू गोलमध्ये घातला, ऑफसाइडचा इशारा झाला, गोल रद्द. ०-०. तिसरा सामना ६ जूनला त्रयस्थ मैदानावर, मोन्तेविदेओच्या सेन्तेनारिओमध्ये. मेन्दोसाचा गोल, कासेलीची बरोबरी, मग जादा वेळेत जिआकेयोचा गोल. इन्देपेंदिएंते २, कोलो-कोलो १. कासेली नऊ गोलांसह स्पर्धेत सर्वाधिक गोल करणारा ठरला, पण चषक गेला. बंडाचं काय ते ठाऊक नाही, पण तो चषक मात्र मराठी अर्थाने ‘लांबवला’ गेला, असं चिलीतले जुने पाठीराखे मानतात. मी त्यांच्याशी वाद घालणार नाही.

६ जूनला हार. २९ जूनला, म्हणजे तेवीस दिवसांनी, एका रणगाडा रेजिमेंटने ला मोनेदावर चाल केली. सरसेनापती कार्लोस प्रात्स यांनी ते बंड त्याच सकाळी मोडून काढलं. ही तेवीस दिवसांची जवळीकच दंतकथेला बळ देते: संघ हरला आणि रणगाडे निघाले.

पण तारखा जवळ असल्या म्हणून एकीतून दुसरी निघते असं नाही. लष्कर थांबलं होतं ते प्रात्स यांच्यामुळे. लष्कराने राज्यघटनेबाहेर पाऊल टाकायचं नाही, यावर ते ठाम होते, आणि ते पदावर असेतो लष्कर एकदिलाने बंडात उतरणं अवघड होतं. २३ ऑगस्टला चहूबाजूंच्या दबावाखाली त्यांनी राजीनामा दिला, जागी पिनोशे आले. तिथून तीन आठवड्यांच्या आत सगळं संपलं. प्रात्स यांना पुढच्या वर्षी बुएनोस आइरेसमध्ये पत्नीसह मोटारीत बाँब ठेवून मारण्यात आलं. बंड कुणी ‘लांबवलं’ असेल तर या माणसाने, आणि त्याच्या नावाचं बिरुद कुठल्या पुस्तकावर चढलं नाही. फुटबॉलचं चढलं. मला यात थोडा अन्याय दिसतो.

म्हणजे ‘लांबलं’ लिहावं? तसं ठरवलंही होतं. पण सप्टेंबरनंतर त्या स्टेडियमचं जे झालं, ते मध्ये आलं.

बंडानंतर लगेच लष्कराने राष्ट्रीय स्टेडियमचा तुरुंग केला. हजारो माणसं तिथे आणली गेली. कामगार, विद्यार्थी, प्राध्यापक, परदेशी नागरिक. दिवसा त्यांना प्रेक्षकांच्या बाकांवर बसवत, मैदानाकडे तोंड करून. चौकशी आणि छळ आतल्या खोल्यांत होत असे. ड्रेसिंग रूम कोठड्या झाल्या. मे महिन्यात कासेलीचा रद्द झालेला गोल त्या बाकांवरून पाहिलेली माणसं या कैद्यांत नसतील, असं मला वाटत नाही.

त्याच वेळी चिलीच्या राष्ट्रीय संघाची १९७४च्या विश्वचषकासाठी सोव्हिएत संघाशी पात्रता लढत होती. प्रशिक्षक तेच आलामोस, संघात कोलो-कोलोचे बरेच जण. २६ सप्टेंबरला मॉस्कोत ०-० झालं. परतीचा सामना याच स्टेडियमवर ठरलेला. मैदान छळछावणी झालं आहे म्हणून सोव्हिएत संघाने तिथे खेळायला नकार दिला. फिफाने ऑक्टोबरमध्ये दोन प्रतिनिधी पाठवले. ते आले त्या दिवशीही कैदी आत होते, फक्त नजरेआड केलेले. हिरवळ चांगली होती. फिफाने सामन्याला परवानगी दिली. नोव्हेंबरमध्ये उरलेल्या कैद्यांना दुसरीकडे हलवलं.

२१ नोव्हेंबरला चिलीचा संघ मैदानात उतरला. समोर कुणीच नव्हतं. शिट्टी झाली, चार-पाच खेळाडू चेंडू एकमेकांकडे देत रिकाम्या अर्ध्यात चालत गेले आणि चामाको वाल्देसने तो रिकाम्या गोलमध्ये ढकलला. मे महिन्यात याच हिरवळीवर इन्देपेंदिएंतेविरुद्ध ज्याला एक गोल मिळाला नव्हता, त्या कोलो-कोलोचा हाच कर्णधार. अधिकृत नोंद २-० अशी आहे, म्हणजे दुसरा गोल तर कुणी मारलासुद्धा नाही. जमलेल्या प्रेक्षकांसाठी मग ब्राझीलच्या सान्तोस क्लबशी मैत्रीचा सामना ठेवला. त्यात चिली ०-५ हरला.

पुढच्या वर्षी विश्वचषकाला निघताना संघाला पिनोशेपुढे उभं केलं गेलं, तेव्हा कासेलीने हात पाठीमागे ठेवले, हस्तांदोलन केलं नाही. हे त्याने स्वतः अनेकदा सांगितलं आहे. त्याच्या आईला, ओल्गा गार्रिदो यांना, बंडानंतरच्या काळात पकडून छळण्यात आलं होतं. १९८८च्या सार्वमतात पिनोशेविरुद्धच्या ‘नाही’ मोहिमेने एक छोटी चित्रफीत दूरचित्रवाणीवर दाखवली. एक वयस्कर बाई स्वतःचा छळ शांतपणे सांगते. मग शेजारी कासेली दिसतो आणि ती आपली आई असल्याचं सांगतो.

दंतकथा जन्मते ती मागे वळून पाहताना. १९७३च्या मे महिन्यात कुणालाही आपण काही लांबवतो आहोत असं वाटत नव्हतं; लोक सामना पाहत होते. त्याच बाकांवर सप्टेंबरमध्ये काय झालं ते कळल्यावर ते नव्वद मिनिटं वेगळी दिसू लागली. ज्यांनी ती पाहिली, त्यांना मागाहून त्या संध्याकाळीला एक कर्ता द्यावासा वाटला: कुणीतरी आपल्यासाठी थोडा वेळ थोपवून धरला होता. कार्यकारण म्हणून हे चूक आहे. पण ‘लांबलं’ लिहिलं असतं तर त्या माणसांचं म्हणणं मी परस्पर खोडून काढल्यासारखं झालं असतं, आणि भाषांतरकाराला तेवढा अधिकार नसतो.

स्टेडियमचं पुढे नूतनीकरण झालं, प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. आठव्या दरवाजापाशी जुने लाकडी बाक मात्र तसेच राखून ठेवले आहेत. सामना कितीही मोठा असो, तिथे कुणाला बसू देत नाहीत. कोलो-कोलोने ती स्पर्धा अखेर जून १९९१मध्ये जिंकली, लोकशाही परतून सव्वा वर्ष झाल्यावर, पण ती स्वतःच्या मैदानावर, शहराच्या दुसऱ्या भागात.

छापायला दिलेल्या मजकुरात मी ‘लांबवलं’ ठेवलं. संपादकांनी समासात लिहून विचारलं, ‘चोरलं, असं तर वाचलं जाणार नाही ना?’ मी लिहिलं, चालेल.