पिशवीतला गांजा, खिशातला गांजा

परभणी जिल्ह्यातल्या देवगाव फाट्यावर एसटीतून उतरलेल्या प्रवाशाची पोलिसांनी झडती घेतली, असे समजा. गांजा खिशात सापडला, तर त्याला एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याच्या कलम ५० चा आधार मिळतो. राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा न्यायदंडाधिकाऱ्यासमोर झडती घ्या, असे म्हणण्याचा हक्क पोलिसांनी त्याला आधी सांगायलाच हवा. तोच गांजा हातातल्या पिशवीत निघाला, तर हे कलम लागू नाही! सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये तसे ठरवले: पिशवी म्हणजे माणसाचे अंग नव्हे.

इतका काथ्याकूट पूर्वी नव्हता. इंग्रजांनी १८९३ मध्ये गांजा-भांगेच्या चौकशीसाठी आयोग नेमला. त्याने हजारावर साक्षी घेतल्या आणि सल्ला दिला तो सरसकट बंदीचा नव्हे, कर आणि परवान्याचा.

१४ नोव्हेंबर १९८५ ला एनडीपीएस कायदा लागू झाला आणि काळ फिरला. माल ताब्यात सापडला की तो जाणूनबुजून बाळगला, असे न्यायालय गृहीत धरते. उलट सिद्ध करायचे आरोपीने. गांजा २० किलोच्या वर असेल तर शिक्षा किमान दहा वर्षे, आणि जामीन जवळपास दुरापास्त.

कायदा असा आवळत गेला, तसा बचावपक्ष पोलिसांच्या कागदांकडे वळला. पंच खरेच हजर होते का? मुद्देमालाचे सील शाबूत होते का? नमुने न्यायदंडाधिकाऱ्यासमोर काढले का? अनेकांना या पळवाटा वाटतात. पण पुराव्याचा भार आरोपीवर टाकणाऱ्या कायद्यात पोलिसांना नियम काटेकोर पाळायला लावणे हाच न्याय आहे. १९९९ मध्ये बलदेव सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कलम ५० चा हक्क आरोपीला सांगणे बंधनकारक ठरवले. २०२० मध्ये तोफान सिंग निकालाने तपास अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून बाद केला.

वजनावरूनही वाद होतो. कायद्याच्या लेखी गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर बिया आणि पाने त्यात धरत नाहीत. हाच मुद्दा मानून न्या. भारती डांगरे यांनी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात एका आरोपीला जामीन दिला.

वकील परवडत नसेल, तर परभणीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. कोठडीतल्या माणसाला वकील मोफत मिळतो, त्याची मिळकत कितीही असो.